डावीकडून तिसरा डबा

शनिवार, दुपार

तीर्थरूप बाबांना,

तुमच्या सूनबाईचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलाय. आठवडाभर खुर्चीत बसून कंबर अशी धरली आहे की खरोखर वाकले तर उठवायला माणूस लागेल, आणि घरात आत्ता कोणी नाही.)

तब्येत कशी आहे? हे नेहमीचं विचारायचं म्हणून विचारणं नाही, तेव्हा "ठीक" असं एका शब्दात उत्तर देऊ नका. आई सांगतात की तुम्ही काही दिवसांपासून दार लोटून बसता, जेवताना भाजी संपली तरी नुसती पोळी चावत राहता, आणि कसले तरी कागद वर्तमानपत्राखाली लपवता. त्यांची खात्री आहे की ते डॉक्टरांचे रिपोर्ट आहेत. मी म्हटलं, अहो, विजेचं बिल असेल. त्यावर त्या म्हणाल्या, बिल आलं तर हे लपवत नाहीत, मोठ्याने वाचून दाखवतात. हे मला पटलं आणि मग मलाही काळजी वाटायला लागली. त्यात मंगळवारी फोनवर तुम्ही मध्येच म्हणालात की सूनबाई, गजराचं नुसतं बटण दाबून भागत नाही, तो गप्प होईपर्यंत थांबावं आणि मगच अंथरूण काढावं. मी म्हटलं, हो बाबा. गुरुवारी पुन्हा तेच. मागून आईंचा आवाज आला की दिवसभर हेच चाललंय यांचं. तुमची झोप उडाली आहे हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी कोमट दूध घ्या असं सुचवलं आणि तुमच्या घड्याळाचं बटण अडकत असेल असं समजून नवीन घड्याळ घरपोच पाठवलं. मिळालं असेल. लाल रंगाचंच शिल्लक होतं.

आता कागदावरचं पत्र बघून दचकला असाल. फोनवर हे सांगता येत नाही, कारण तुमच्याकडे फोन उचलला की आधी स्पीकर चालू होतो आणि मग "हॅलो" होतं. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर, स्पीकर आहे म्हणून आई, आणि आई आहेत म्हणून समोरच्या काकू. ईमेल करावी, तर असल्या विषयावरची ईमेल कुलूप लावूनच पाठवायची असा आमचा नियम आहे, आणि त्या कुलपाचा तुमचा पासवर्ड तुम्ही निवृत्त झाल्या दिवशी विसरलात (आणि ते अजून सगळ्यांना अभिमानाने सांगता). राहता राहिला कागद. आमच्या मुख्य बाईंनी परवानगी दिली आहे की तुम्हाला सांगायला हरकत नाही, पण फक्त तुम्हालाच, आणि पाकीट डकवून. उद्या तुमचे चिरंजीव तिकडे येतायत, त्यांच्या हाती पाठवते आहे. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही.

तर बाबा, कर्नेलमध्ये भगदाड सापडलंय. (कर्नेल म्हणजे मशीनच्या मुळाशी चालणारा प्रोग्रॅम हे तुमच्या शेजाऱ्यांना कुठून ठाऊक, हे वाक्य ऐकू गेलं तर त्यांना वाटेल लढाई चालू आहे. तुम्ही लष्करात होतात हा त्यांचा समज अजून कोणी दूर केलेला नाही, आणि तुम्हीही करत नाही.) साधंसुधं नाही, सगळ्यात वरच्या दर्जाचं. ज्याला मशीनवर जेमतेम लॉगिन करायची मुभा आहे असा कोणीही माणूस त्यातून आत शिरून अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकतो. दवाखान्यांतली मशीनं, बँकांतली, विमानतळांवरची, सगळी आली त्यात. एका लांबच्या देशातल्या शोधणाऱ्याने ते शोधलं आणि इतक्या नम्रपणे कळवलं की पत्र वाचताना आपणच त्याचं काहीतरी बिघडवलंय असं वाटत होतं. आणि ते भगदाड आहे मशीनला बाहेरची यंत्रं जोडण्या-काढण्याच्या फाइलमध्ये. तुम्ही लिहिलेल्या फाइलमध्ये. झालं, लिहून टाकलं एकदाचं. हे वाक्य लिहायला मी आठवडा घेतला आणि मधल्या काळात दोनदा कपाट आवरलं.

आता जरा पाणी प्या आणि पुढे वाचा. मी तोवर घरच्या आघाडीवरचं सांगते.

येत्या मंगळवारी सगळ्या कंपन्या मिळून एकाच वेळी दुरुस्ती बाहेर काढणार आहेत. तोपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही, कारण आधी बातमी फुटली तर चोरांना दारं उघडी आणि घरातली माणसं झोपलेली. हा नियम तुम्हाला मी काय सांगायचा, तुम्ही तो वर्षानुवर्षं पाळलात. पण बाबा, तुम्ही तो आईंसमोर कसा पाळलात हे मला एकदा निवांत शिकवा. कारण इथे तुमच्या चिरंजीवांसमोर पाळताना माझ्या तोंडाला फेस आला. दातांचा डॉक्टर नवरा असणं म्हणजे काय ते लोकांना कळत नाही. दिवसभर तो एकटा बोलतो आणि समोरच्याचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे कोणता पाहुणा किती दिवस राहिला, फ्रिज कधी बिघडला, माझं कोणाशी वाजलं, हे सगळं अर्ध्या गावाला दाढ काढून घेता घेता कळलेलं असतं. अशा माणसाला मी काय सांगणार? तो चहा घेऊन आला की मी लॅपटॉप मिटायची. फोन आला की गॅलरीत, आणि गॅलरीत शेजारी असले की न्हाणीघरात नळ सोडून. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, काही सांगायचंय का तुला. मी म्हटलं, नाही. (खोटं नाही बोलले. सांगायचं नव्हतंच.) त्याने कप उचलला आणि गेला. मला फार वाईट वाटलं.

मग त्याने ते आईंना सांगितलं. आईंनी आधी शुभवार्ता गृहीत धरली आणि मला बादली उचलू नकोस म्हणून बजावलं. मी म्हटलं तसं काही नाही, तर म्हणाल्या, अगं सुरुवातीला सगळ्या असंच म्हणतात. मी दुसऱ्यांदा इतक्या जोरात नाही म्हटलं की त्यांनी ती आशा सोडली आणि थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. आता त्यांना वाटतंय की आमचं दोघांचं बिनसलंय. काल मला फोन करून अर्धा तास तुमच्यातले दुर्गुण सांगत होत्या. मला आधी कळेचना, मग लक्षात आलं की इतकं असूनही मी निभावलं ना, असं त्यांना सुचवायचंय. तुमचे मोजे, तुमचं वर्तमानपत्र, तुमचं बँकेत जाऊन काउंटरवरच्या माणसाला "या मशीनमध्ये मी आहे" असं सांगणं. मी ऐकत होते. बँकेतल्या त्या मशीनमध्ये तुम्ही खरोखरच आहात, आणि गोष्ट नेमकी तीच आहे.

आता तक्रार नव्हे, एक कबुली. आमच्या मोठ्या साहेबांनी बुधवारी बैठक बोलावली. ते सज्जन आहेत, पण त्यांनी आयुष्यात कोड लिहिलेला नाही, आणि काय झालंय ते मला दोन वाक्यांत सांगा असं त्यांचं म्हणणं. टेस्टिंगवाल्याने फळ्यावर चौकोन काढले, चौकोनांना बाण काढले, बाणांना आकडे दिले. साहेबांचा चेहरा दाढ दुखणाऱ्यासारखा झाला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं.

मी म्हटलं, साहेब, माझ्या सासूबाई आमच्या घरातून दुसऱ्या गावी राहायला गेल्या, त्याला बराच काळ झाला. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात देऊन गेल्या. पण त्यांच्या डोक्यात तिथला प्रत्येक डबा जागच्या जागी आहे. मध्यंतरी मी कामावर असताना नवरा भाजी करत होता आणि त्याने आईला फोन लावला. त्या तिकडून म्हणाल्या, डावीकडून तिसरा डबा, मीठ, बघायचीसुद्धा गरज नाही, घाल दोन चमचे. आता त्या डब्यात मी साखर ठेवते, कारण चहा दिवसातून चार वेळा होतो. नवऱ्याने बघितलं नाही. (आईने बघायची गरज नाही म्हटल्यावर तो कशाला बघतोय.) भाजीचं जे व्हायचं ते झालं. साहेब, कर्नेलचंही तसंच आहे. तो सगळ्या प्रोग्रॅमांना सामान ठेवायला डबे वाटतो, काम झालं की परत घेतो आणि दुसऱ्याला देतो. पण डबा परत करून गेलेल्या कोणाच्या तरी डोक्यात जुना पत्ता तसाच राहतो, आणि तो नंतर येऊन न बघता आत हात घालतो. नुसती साखर निघाली तर भाजी बिघडते, म्हणजे मशीन बंद पडतं. पण एखाद्या चोराने नेमकी वेळ साधून त्या डब्यात स्वतःची पुडी ठेवली, तर आपलाच विश्वासू माणूस ती उचलून आपल्याच हाताने जेवणात घालतो.

साहेबांना कळलं. इतकं कळलं की ते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, मग तिसरा डबा कधी दुरुस्त होणार? त्या क्षणापासून आमच्याकडे सगळे त्या भगदाडाला "तिसरा डबा" म्हणायला लागले. तुम्हाला माहीत आहे, हल्ली प्रत्येक मोठ्या भगदाडाला एक नाव आणि एक चित्र लागतं, त्याशिवाय लोक दुरुस्ती बसवायचं मनावरच घेत नाहीत. तर मंगळवारी जे जगजाहीर होणार त्यावर स्टीलच्या डब्याचं चित्र आहे. झाकण किंचित उघडं. मी हात जोडून सांगितलं की नाव बदला. बाई म्हणाल्या, आता उशीर झाला, चित्रकाराने काम पूर्ण केलंय.

भाजीच्या त्या प्रकारावर आई फोनवर हसल्या होत्या. पण नंतर तुम्हीच मला सांगितलंत की फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, आता त्या घरात माझं काही राहिलं नाही. ते मी बैठकीत सांगितलं नाही. पण परत येताना लिफ्टमध्ये उभी होते तेव्हा तेच आठवत होतं.

बाबा, आता तुमच्या कोडबद्दल. मी ते आठवडाभर इतक्या वेळा वाचलंय की कुठे तुम्ही घाईत होतात आणि कुठे नुकतंच जेवून आला होतात तेसुद्धा सांगू शकेन. यंत्र जोडलं की तुम्ही एक डबा घेता, त्यात यंत्राची माहिती ठेवता आणि एक गजर लावता. गजर थोड्या थोड्या वेळाने वाजतो आणि डबा उघडून यंत्र जिवंत आहे ना ते बघतो. यंत्र काढलं की डबा परत, मग गजर बंद. या दोन कामांच्या मध्ये केसाएवढी फट आहे. त्या फटीत गजर वाजला तर तो परत केलेल्या डब्यात हात घालतो. एवढंच. पण तुम्ही हे लिहिलंत तेव्हा यंत्र काढायचं म्हणजे कोणीतरी खुर्चीवरून उठायचं, टेबलाखाली वाकायचं आणि वायर उपटायची. नेमक्या त्याच क्षणी वायर उपटणारा माणूस जन्माला यायचा होता. आता यंत्रं कागदोपत्री असतात, वायर नसतेच, आणि एखादा प्रोग्रॅम बसल्या जागी ती हजारो वेळा जोडतो नि काढतो. फट तेवढीच राहिली, तिच्यासमोर उभी राहणारी गर्दी बदलली. तुमचं चुकलं नाही असं म्हणत नाही मी (तुम्हाला खोटं चालत नाही, आणि माझ्या पहिल्या कोडवर तुम्ही लाल पेनाने जे केलं होतंत ते मी विसरलेले नाही). चुकलं. पण ज्या घरासाठी तुम्ही ते बांधलंत, त्या घरात ते उभं होतं.

अडचण दुसरीकडेच आहे. अशी दुरुस्ती करताना वर्णन लिहावं लागतं, आणि मंगळवारपर्यंत कोणाला संशय येऊ नये म्हणून ते नीरस लिहावं लागतं. आयुष्यात प्रथमच मला कोणीतरी मुद्दाम कंटाळवाणं लिहायला सांगितलं. मी चार ओळी लिहिल्या. बाई म्हणाल्या, अजून कंटाळवाणं. मी "आवराआवर" असा शब्द घातला. त्या म्हणाल्या, आता जमलं, मला वाचताना जांभई आली. पण त्याखाली एक ओळ असते: ही दुरुस्ती कोणत्या बदलातली खोट काढते. तिथे तुमच्या त्या जुन्या बदलाचा क्रमांक येतो, आणि तो उघडला की तुमचं नाव. बाई भल्या आहेत. म्हणाल्या, तुझे सासरे आहेत, ही ओळ गाळलीस तर मी बघितलं नाही असं करीन. मी ती गाळली. मग परत घातली. मग पुन्हा गाळली. घरात काही फुटलं की कोणी फोडलं हे आपण रागावण्यासाठी विचारतो. पण आमच्या धंद्यात ते रागावण्यासाठी नसतं. ज्यांच्याकडे जुन्या आवृत्त्या आहेत त्यांना कळायला हवं की किती मागे जाऊन दुरुस्त करायचं. ओळ गाळली तर कुठल्यातरी दवाखान्यातलं जुनं मशीन तसंच उघडं राहील, आणि ते तसं का राहिलं हे फक्त मला ठाऊक असेल. हे मला झेपणार नाही.

आणि तरीही हात थबकतो, कारण दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. तुमचं बाकी सगळं कोड एकेक करत नव्या लोकांनी बदललं. ही एकच फाइल राहिली आहे आणि तिच्या डोक्यावर तुमचं नाव आहे. ती फट बुजवताना डबे देण्या-घेण्याची सगळी रचनाच बदलावी लागते, म्हणून माझ्या दुरुस्तीत तिचा जवळजवळ सगळा गाभा जातो. म्हणजे मंगळवारनंतर बँकेतल्या त्या मशीनमध्ये तुम्ही नसाल. असलात तर फक्त त्या खोटीच्या ओळीत असाल. मला कोड लिहायला तुम्ही शिकवलंत. या घरात मी नवी होते, कोणाशी काय बोलावं ते कळत नव्हतं, तेव्हा जेवणाच्या टेबलावर तुम्ही माझ्यासमोर एक चुकीचं कोड सरकवून म्हणाला होतात, शोध. मी शोधलं आणि त्या दिवसापासून मला हे घर माझं वाटायला लागलं. त्याच शिकण्याच्या जोरावर आता मी तुम्हाला तुमच्या शेवटच्या जागेवरून उठवणार आहे. मला याचं फार, फार वाईट वाटतंय, बाबा. दुसरा शब्द सुचत नाही.

रागावलात तर रागवा, पण आईंच्या मागे लपून नका रागावू, मला सरळ फोन करा. (स्पीकर बंद करून.) औषधं असतील तर वेळेवर घ्या. नसतील तर ते कागद कसले ते आईंना सांगून टाका, त्या खचल्या आहेत.

तुमची,
सूनबाई

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच, किंवा खरं सांगायचं तर मी राहू दिला. दुरुस्ती अजून पूर्ण बरोबर नाही. मी क्रम उलटा केला, आधी गजर बंद आणि मग डबा परत, आणि तरीही टेस्टिंगवाल्याकडे कधीतरी एखादं मशीन कोसळतं. शंभरदा चालतं आणि मग एकदा मान टाकतं. मंगळवार तोंडावर आलाय आणि माझं डोकं आता चालत नाही. सोबत कोडचा कागद जोडलाय. त्यावर तुमचं लाल पेन चालवाल का? वरची पानंच्या पानं लिहिली ती खरी आहेत, पण पत्र लिहायला बसले ते यासाठी.

ता. क. दुसरा. पाकीट डकवायला घेतलं आणि बेल वाजली. बाबा, तुम्ही आत्ता आमच्या बाहेरच्या खोलीत बसला आहात, आणि मी पाणी आणते म्हणून आत येऊन हे लिहिते आहे, कारण तोंडावर मला हे बोलता येणार नाही. काखेत लाल घड्याळ घेऊन तुम्ही दारात उभे होतात आणि मागे आई होत्या. (रिपोर्ट घेऊन एकटे प्रवास करू देणार नाही म्हणाल्या.) तुम्ही आधी घड्याळ परत केलंत, मग आई हातपाय धुवायला गेल्या तेव्हा वर्तमानपत्राच्या घडीतून ते कागद काढलेत. माझी दुरुस्ती! तिच्यावर पेन्सिलच्या खुणा! ती तपासणाऱ्यांकडे पाठवली तेव्हा आमच्या स्क्रिप्टने फाइलच्या इतिहासातून मूळ लेखकाचा ईमेलचा पत्ता स्वतःच उचलून त्यावर एक प्रत धाडली, आणि तसं न करण्याची खूण करायला मी विसरले होते. म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तुम्हाला वाटलं की मी रीतसर कळवलंय, आणि फोनवर मी अवाक्षर काढत नाही हे बघून तुम्ही खूश होतात की पोरगी पक्की आहे. म्हणून तुम्हीही आईंना कळू न देता, स्पीकरवरून, माझी चूक मला सांगत राहिलात. गजराचं नुसतं बटण दाबून भागत नाही. जो गजर आधीच वाजायला लागलाय तो गप्प होईपर्यंत थांबायचं, मग डबा परत करायचा. मंगळवारी सांगितलंत, गुरुवारी सांगितलंत, आणि मी तुम्हाला कोमट दूध सांगितलं! तुम्ही म्हणता की कोमट दुधाचा अर्थ लावण्यात तुमचा एक अख्खा दिवस गेला, आणि घड्याळ आलं तेव्हा कुठे शंका आली की सूनबाईला काही कळलेलंच नाही.

बाईंना फोन केला. दुरुस्तीची ईमेल कुलपाशिवाय बाहेर गेली हे ऐकून त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं, आणि मला वाटलं नोकरी गेली. मग बाईंनी विचारलं की तुझ्या सासऱ्यांनी कोणाला सांगितलं का. मी म्हटलं, बायकोलासुद्धा नाही, तिला वाटतंय ते आजारी आहेत. बाई म्हणाल्या, असा माणूस आम्हाला परत कामावर मिळेल का. गजराची ती एक ओळ बदलली आहे आणि टेस्टिंगवाल्याने मशीनं लावली आहेत.

ता. क. तिसरा. कागदाच्या शेवटच्या पानावर तुम्ही तुमच्या फाइलचा सगळा गाभा स्वतःच आडवी रेघ मारून काढून टाकलाय हे मी आत्ता बघितलं. खाली लिहिलंय: "नाव राहू दे. लोकांना कुठवर मागे जायचं ते कळलं पाहिजे." आणि त्याखाली, तपासणाऱ्याच्या नावाच्या जागी, पुन्हा तुमचं नाव. खोट कोणाची त्या ओळीत तुम्ही आणि दुरुस्ती तपासली कोणी त्या ओळीतही तुम्हीच. असं मी याआधी पाहिलेलं नाही. म्हणजे बँकेतल्या माणसाला अजून सांगता येईल. मी डोळे पुसून बाहेर येते आणि हे तुमच्या हाती देते, वाचलंत की चिरंजीवांना फोन करून सांगा की आमचं बिनसलेलं नाही, पण का बिनसलेलं नाही ते मंगळवारपर्यंत सांगू नका.

ता. क. शेवटचा. भगदाडाचं नाव आणि ते चित्र आईंना कळता कामा नये. निदान मी समोर असताना तरी. हे लिहीतच होते तर त्या स्वयंपाकघरात शिरल्या. म्हणाल्या, तुझा चेहरा बघ काय झालाय, तू बस, भाजी मी टाकते. कढई चढली, फोडणी झाली, माझी विचारपूस चालूच होती, आणि बोलता बोलता, फळीकडे न बघता, त्यांनी हात वर नेला. डावीकडून तिसरा. बुधवारी बैठकीहून आल्या आल्या मी त्यात परत मीठ भरून ठेवलंय.